कुठल्याच गोटात न मावलेला प्रचारक

बडोदे सरकारने १८८३च्या सुमारास अंत्यज, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, मुलांसाठी शाळा उघडल्या, तेव्हा अडलं ते मास्तरांपाशी. सवर्ण हिंदू शिक्षक त्या वर्गात पाऊल टाकायला तयार होईनात. शेवटी मुसलमान शिक्षक नेमून काम सुरू करावं लागलं. पाणीगेटपासून मांडवीपर्यंत, पुढे रावपुरा नि दांडिया बाजारापर्यंत जुन्या मराठी घरांत सयाजीरावांच्या शिक्षणप्रेमाच्या गोष्टी आजही अभिमानाने निघतात. १९०६ साली संस्थानभर लागू झालेलं सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण तर त्यात हमखास असतंच. पण त्या अंत्यज शाळा पाहून अहवाल द्यायला महाराजांनी ज्या तिशीतल्या धर्मप्रचारकाला बोलावलं, त्याचं नाव या गप्पांत क्वचितच येतं.

विठ्ठल रामजी शिंदे. जन्म जमखंडीचा, २३ एप्रिल १८७३चा. घर मराठा, वळण वारकरी. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना पैशाची ओढाताण होती आणि ती बडोद्याच्या शिष्यवृत्तीने निभावली. पुढे कायदा शिकून हा मुलगा संस्थानच्या उपयोगी पडावा, असा साधा व्यवहार त्यामागे होता. पण शिंद्यांचा ओढा प्रार्थना समाजाकडे लागला. त्यांनी कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडला. युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी त्यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी निवडलं, तेव्हा १९०१ साली बोटीच्या खर्चाची सोय सयाजीरावांनीच केली. शिष्यवृत्ती घेऊन नोकरीला न येणाऱ्या तरुणावर पुन्हा खर्च करणारा राजा विरळाच. या एका निर्णयाचं मोल पुढच्या चाळीस वर्षांच्या सामाजिक इतिहासात दिसतं, असं मला वाटतं.

विलायतेहून १९०३च्या अखेरीस परतल्यावर ते मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपासना चालवणं, व्याख्यानं देणं, गावोगाव हिंडणं हे नेमून दिलेलं काम त्यांनी केलंच. पण अस्पृश्य वस्त्यांत गेल्यावर धर्म शिकवायचा कुणाला, हा प्रश्न त्यांची पाठ सोडेना. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला पहिली शाळा निघाली. ती चालवणाऱ्या मंडळाचं मराठी नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. सर्वत्र ओळख डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायण चंदावरकर, चिटणीस शिंदे. वर्गणी देणारे पुष्कळ होते. शिंदे मात्र घरदार घेऊन त्या कामात उतरले. त्यांच्या बहीण जनाक्का मिशनच्या कामात राबल्या. मराठा घरातली बाई अस्पृश्य मुलांचं शिक्षण, दुखणी-खुपणी पाहते आहे, हे त्या काळच्या नातेवाइकांना व्याख्यानांहून जास्त झोंबणारं होतं. १९१० साली प्रार्थना समाजाचं प्रचारकपदही सुटलं आणि मिशन हेच त्यांचं सारं काही झालं.

वादांची खरी सुरुवात राजकारणापासून झाली. १९१७च्या कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला, त्यामागे शिंद्यांचा पाठपुरावा होता. त्याच साली त्यांनी मराठा समाजाने स्वराज्याच्या मागणीला पाठिंबा द्यावा म्हणून चळवळ उभारली. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना हे टिळकांच्या गोटात जाणं वाटलं; कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मार्ग वेगळा होता. मार्च १९१८मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरली. अध्यक्षस्थानी सयाजीराव गायकवाड. टिळक आले, अस्पृश्यतेविरुद्ध कडाडून बोलले, सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. मग शिंद्यांनी सह्यांसाठी जाहीरनामा पुढे केला: आपण स्वतः, रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही. टिळकांनी त्यावर सही केली नाही. शिंद्यांचा स्वभाव या प्रसंगात पुरता दिसतो. भाषणावर त्यांचं समाधान होत नसे. स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा शब्द त्यांना हवा असे.

म्हणूनच ब्राह्मण पुढाऱ्यांना ते अडचणीचे झाले आणि ब्राह्मणेतरांना परके. १९२०च्या कौन्सिल निवडणुकीत मराठ्यांच्या राखीव जागेवरून उभं राहणं सोपं होतं. जातीच्या जागेवर जाणार नाही म्हणून ते सर्वसाधारण जागेवर लढले आणि हरले. लोकांनी हट्ट म्हटलं. मला त्यात प्रामाणिकपणाची किंमत दिसते.

सगळ्यात जिव्हारी लागणारा वाद मात्र अस्पृश्य पुढाऱ्यांशी झाला, आणि तिथे शिंद्यांची बाजू घेणं अवघड आहे. मताधिकाराचा विचार करणाऱ्या १९१९च्या साउथबरो समितीपुढे मिशनच्या बाजूने आलेली सूचना अशी, की अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या निवडून आलेल्या सभासदांनी घ्यावेत. तरुण भीमराव आंबेडकरांनी तिच्यावर सडकून टीका केली. आपला प्रतिनिधी इतरांनी का निवडावा? प्रश्न बिनतोड होता. मिशनमध्येही शिकून पुढे आलेल्या तरुणांना सूत्रं आपल्या हाती हवी होती, आणि ते रास्तच होतं. १९२३ साली शिंदे कार्यकारी पदावरून बाजूला झाले. सोळा-सतरा वर्षांची होत आलेली संस्था सोडताना त्यांना यातना झाल्या असणार. तरी अस्पृश्यतेचा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

जगात असे लोक इतरत्रही झाले. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात आयुष्याचा मोठा काळ काढलेले एडवर्ड विल्मट ब्लायडन हे प्रेस्बिटेरियन पाद्री. वर्णामुळे अमेरिकेतल्या धर्मशास्त्राच्या विद्यालयाने त्यांना प्रवेश नाकारला होता. आफ्रिकी माणसाला इस्लामने ख्रिस्ती मिशनांपेक्षा अधिक स्वाभिमान दिला, असं मांडून त्यांनी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. १८८६ साली मिशन सोडलं आणि पुढच्याच वर्षी ते विचार ग्रंथरूपाने आणले. धर्माच्या आत राहून धर्मसंस्थेला जाब विचारणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. शिंद्यांचंही तेच झालं.

मिशनपासून दूर झाल्यावर त्यांच्यातला अभ्यासक जास्त मोकळा झाला. १९२७ साली ते ब्रह्मदेशात गेले. बौद्ध देशात जातिभेद नसावा, अशी आपली समजूत. तिथे त्यांना पॅगोडांना वाहिलेल्या दासांचे वंशज आढळले. लोक त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार टाळत. अस्पृश्यतेचं मूळ एकट्या मनुस्मृतीत शोधून भागणार नाही, हे त्यांच्या डोक्यात इथे पक्कं झालं. मग १९२८ साली पुण्याच्या शेतकरी परिषदेत शेतजमिनीचे तुकडे रोखणाऱ्या तुकडेबंदीच्या बिलाविरुद्ध उभं राहणं, १९३० साली कायदेभंगात येरवड्याचा तुरुंग. तिथेच त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आला. भाषा, इतिहास, लोकरूढी, प्रत्यक्ष पाहणी असं सगळं त्यात एकत्र आहे. मराठीत समाजशास्त्र नुकतं उभं राहत असताना लिहिलेलं हे पुस्तक आजही संदर्भासाठी उघडावं लागतं.

१९३४ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं. तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र शाखेचं अध्यक्षपद शिंद्यांकडे होतं. शिष्यवृत्तीवर शिकलेला विद्यार्थी आता त्याच शहरात विद्वान म्हणून बसला होता, आणि ती शिष्यवृत्ती देणारे महाराज अजून गादीवर होते. २ जानेवारी १९४४ रोजी शिंदे पुण्यात वारले. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ छापून यायला १९५८ साल उजाडलं. बडोद्याच्या मराठी वाचकाने हे पुस्तक मुद्दाम मिळवून वाचावं. सयाजीरावांच्या कारभाराची दुसरी बाजू, मदत घेणाऱ्याच्या नजरेतून दिसणारी, त्यात सापडते.