स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद : एका अपंग गीतकाराची जीवनकथा

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. आयुष्यभर दासीपण करणाऱ्या या स्त्रीचे अभंग जात्यावर आणि दिंडीत गायिले गेले आणि सातशे वर्षांनंतरही ते लोकांच्या ओठांवर आहेत. गाण्याचे हे एक वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. रचणारा एका जागी खिळलेला असला तरी त्याचे गाणे खिळून राहत नाही, ते दुसऱ्यांच्या कंठांतून गावोगाव जाते. गंगाखेडच्या काठाने वाहणारी हीच गोदावरी वरच्या अंगाला नाशिक शहरातून येते. त्या नाशिकमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक गीतकार होऊन गेला. त्याचे दोन्ही पाय निकामी होते. त्याच्या गाण्यांनी मात्र ब्रिटिश सरकारला खटला भरावयास लावले. हा गीतकार म्हणजे कवी गोविंद.

‘सुंदर मी होणार’ हे शब्द ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. परंतु ते शब्द ज्याचे, त्याचे चरित्र फारसे कुणास ठाऊक नसते. त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

जन्म आणि आजारपण

कवी गोविंद यांचे संपूर्ण नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७४ रोजी झाला. नाशिककर मंडळी त्यांना ‘आबा दरेकर’ म्हणून ओळखत. घरची स्थिती गरिबीची होती. बालपणी आलेल्या तापाच्या दुखण्यात त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. आजच्यासारखे उपचार, तीन चाकी सायकल, कुबड्या वा व्यवसाय-शिक्षण यांतले काहीही त्या काळी सामान्य घरातील मुलाच्या वाट्याला येत नसे. ‘पांगळा’ हा शब्द एकदा चिकटला की माणसाच्या भविष्याविषयी कुणी वेगळा विचार करीत नसे.

शाळेचे शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. तथापि लय, यमक आणि चाल यांची समज उपजतच होती. आरंभी त्यांनी हात घातला तो लावणीला. शृंगारिक लावण्या आणि पदे ते रचीत. त्या काळी लोकरंजनाचे ते प्रमुख साधन होते व अशा रचनांना मागणीही असे. पुढे ज्यांना ‘स्वातंत्र्यशाहीर’ ही पदवी लाभली, त्यांची उमेदवारी अशी लावणीच्या फडासाठी लिहिण्यात झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लोकांना कोणती चाल आवडते, कोणता शब्द तोंडात सहज बसतो, याचे शिक्षण त्यांना पुस्तकातून मिळाले नाही, ते या लावण्यांनी दिले.

खोलीत आलेली चळवळ

इ. स. १९०० च्या सुमारास विनायक दामोदर सावरकर आणि त्यांचे थोरले बंधू गणेश उर्फ बाबाराव यांच्या भोवती नाशिकच्या तरुणांची ‘मित्रमेळा’ ही संघटना उभी राहिली. याच संघटनेतून पुढे १९०४ साली ‘अभिनव भारत’ ही क्रांतिकारक संस्था निर्माण झाली. मित्रमेळ्याच्या तरुणांचा ज्या घरी राबता असे, त्यांत आबा दरेकरांची खोली प्रमुख होती. तिळभांडेश्वराच्या गल्लीतील त्या लहानशा जागेत वाचन होई, वादविवाद होत, इतिहासाची चर्चा चाले.

आमच्या मते या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जो तरुण चालू शकत नव्हता, त्याने चळवळीपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न त्या मंडळींनी निर्माणच होऊ दिला नाही. त्याला घरी ठेवून बैठकीचा वृत्तांत मागाहून कळविण्याऐवजी चळवळच त्याच्या दाराशी आली. वयाने सावरकरांहून नऊ वर्षांनी मोठे असलेले आबा या सहवासात पालटले. त्यांची लेखणी शृंगाराकडून इतिहासाकडे आणि देशभक्तीकडे वळली. सुमारे पंचविशी उलटलेल्या माणसाने आपल्या प्रतिभेची दिशा अशी समूळ बदलावी, ही सोपी गोष्ट नव्हे.

पोवाडा आणि मेळा

हे काव्य लोकांपर्यंत कसे गेले, हे समजण्यासाठी त्या काळचे दोन लोकप्रकार समजून घेतले पाहिजेत. पहिला पोवाडा. पोवाड्यात मुख्य शाहीर प्रसंगाचे वर्णन गातो, हाती डफ असतो, साथीस तुणतुणे वाजते आणि मागे उभे असलेले झिलकरी ध्रुपदाची ओळ उचलून धरतात. पोवाडा एकट्याने वाचण्यासाठी नसतो. तो जमावासमोर उभा राहतो तेव्हाच पुरा होतो. शिवाजी महाराजांनी १६५९ साली केलेल्या अफझलखानाच्या वधावर त्याच काळात अज्ञानदासाने पोवाडा रचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला. कवी गोविंदांनी याच परंपरेत अफझलखान वधाचा प्रसंग आणि शिवाजी महाराजांचा मावळ्यांशी संवाद हे विषय हाताळले.

दुसरा प्रकार मेळ्याचा. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंतीचे उत्सव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. त्या उत्सवांत मुलांची पथके एकसारख्या पोशाखात रस्त्याने व मंडपात गाणी म्हणत. त्यांस मेळे म्हणत. सभेत भाषण केले तर पोलीस टिपून घेत, वर्तमानपत्रात लेख आला तर संपादकास शिक्षा होई. परंतु देवाच्या उत्सवात मुलांनी म्हटलेल्या पुराणातील वा इतिहासातील गाण्याला अडवावे कसे, हा सरकारपुढे पेच असे. रावण, कंस वा खान यांचे नाव घेऊन गायिलेले गाणे ऐकणाऱ्यास भलत्याच राज्याची आठवण करून देई.

कवी गोविंदांची रचना या साधनांस अगदी अनुरूप होती. भाषा सोपी, ठेका जोरकस आणि ध्रुपद एकदा ऐकले की पाठ होणारे. ते स्वतः मिरवणुकीबरोबर चालू शकत नव्हते. त्यांची गाणी पाठ केलेली मुले मात्र नाशिकच्या रस्त्यांवरून ती म्हणत जात होती.

एका गाण्याची किंमत

त्यांच्या गाण्यांतील सर्वांत गाजलेले म्हणजे ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ हे होय. जगाच्या इतिहासात लढ्याशिवाय कोणते राष्ट्र मुक्त झाले, असा सरळ सवाल त्यात आहे.

बाबाराव सावरकरांनी अशा राष्ट्रीय कवितांची ‘लघु अभिनव भारतमाला’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. १९०९ साली तिच्यावरून त्यांना अटक झाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी त्यांना सत्र न्यायालयाकडे पाठविले आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळे पाणी आणि मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा झाली. राजाविरुद्ध युद्धास चिथावणी देणे हा त्यांच्यावरील मुख्य आरोप होता आणि पुरावा होता कवितांचा. मुंबईच्या उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती शिक्षा कायम केली. अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये मराठी उत्तम जाणणारे न्या. नारायण चंदावरकर होते. देवादिकांची आणि वीरपुरुषांची नावे हे केवळ निमित्त असून खरा उपदेश तलवार हाती घेण्याचा आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

याचे पडसाद फार दूरवर उमटले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सन यांची गोळ्या घालून हत्या केली. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बाबारावांनी अंदमानात १९२१ पर्यंत यातना सोसल्या आणि १९२२ साली त्यांची तुरुंगातून सुटका झाली.

सशस्त्र मार्गाविषयी वाचकांचे मत भिन्न असू शकेल. गेलेला प्रत्येक जीव, मग तो कोणत्याही बाजूचा असो, मोलाचाच होता असे आम्ही मानतो. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. कवी गोविंदांच्या शब्दांची पुरी किंमत करण्यात आली. अपंग माणसाचे लेखन म्हणून कुणी त्यांना दयेचे गुण दिले नाहीत. मित्रांनी त्यांच्यासाठी तुरुंग पत्करला आणि सरकारने त्यांची धास्ती घेतली. इतरांच्या कौतुकाच्या पण हलक्या शब्दांची सवय असलेल्या अपंग कलावंतांना यातील फरक सहज उमगेल.

मित्र तुरुंगात गेले, संघटना विखुरली आणि ज्या खोलीत मुलांची वर्दळ होती तिला शांतता आली. तरीही लेखन थांबले नाही. ‘टिळकांची भूपाळी’, ‘मुरली’, ‘वेदान्ताचा पराक्रम’ ही त्यांची काव्ये रसिकांत वाखाणली गेली. पुढील काव्यात देशभक्तीच्या जोडीस तत्त्वचिंतन आलेले दिसते.

मरणाचे गाणे

या चिंतनाचा कळस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या पर्वातील ‘सुंदर मी होणार’ ही कविता. शीर्षकावरून ती शृंगाराची वाटेल, परंतु तिचा विषय मृत्यू हा आहे. पक्ष्याची जुनी पिसे झडून नवी यावीत, तसे मृत्यू हे जुन्या देहाचे झडणे व नव्या देहाचे येणे आहे, अशी तिची कल्पना. तीत भीती नाही की आयुष्याविषयी कुरकुर नाही. नव्या देहाने पुन्हा देशाचेच काम करावे, एवढी तिची मागणी आहे.

पुष्कळजण ही कविता केवळ पुनर्जन्माच्या तत्त्वज्ञानाचे उदाहरण म्हणून वाचतात. आम्हांस ती लिहिणाऱ्याच्या देहाची आठवण ठेवून वाचावीशी वाटते. बालपणापासून ज्याच्या देहाकडे लोकांनी उणे म्हणून पाहिले, तो ‘सुंदर’ हा शब्द स्वतःविषयी उच्चारतो, आणि तोही याचना न करता निश्चयाने. मरणोत्तर जीवनाविषयी आपली श्रद्धा त्यांच्याहून निराळी असली, तरी या शब्दामागील आत्मसन्मान कुणासही कळण्यासारखा आहे.

२८ फेब्रुवारी १९२६ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी कवी गोविंद यांचे निधन झाले. पुढे १९५८ साली पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकास ‘सुंदर मी होणार’ हेच नाव दिले. ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’ या इंग्रजी नाटकावर आधारलेल्या त्या नाटकाची नायिका दीदीराजे ही पायांनी अधू असलेली कवयित्री आहे. या योगायोगामागील औचित्य कवी गोविंदांचे चरित्र ठाऊक असणाऱ्यासच पुरते कळते.

दूरच्या देशातील एक उदाहरण

या ठिकाणी आपल्या वाचकांपैकी अनेकांना टोनी मेलेंडेझ यांची आठवण होईल. त्यांचा जन्म १९६२ साली निकाराग्वा येथे झाला. गरोदरपणी मातेस दिलेल्या थॅलिडोमाईड या औषधामुळे ते दोन्ही हातांविना जन्मास आले. गिटार जमिनीवर ठेवून पायाच्या बोटांनी ती वाजविण्यास ते शिकले आणि स्वतः गीते रचून गाऊ लागले. १५ सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिस येथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर त्यांनी गायन केले, तेव्हा पोपमहोदय व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी त्यांचे चुंबन घेतले. हे दृश्य जगभर पाहिले गेले.

नाशिक आणि लॉस एंजेलिस यांत काळाचे व स्थळाचे मोठे अंतर आहे. तथापि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. जो जाऊ शकत नव्हता, त्याच्याकडे दुसरे कुणी तरी गेले.

आपल्यासाठी बोध

अपंग व्यक्तीच्या यशाची कथा सांगताना ‘जिद्दीने सर्वांवर मात केली’ असे म्हणून आपण बहुधा थांबतो. जिद्द होतीच. परंतु जिद्दीवर सारा भार टाकला की इतरांची जबाबदारी संपते. आबा दरेकरांपाशी प्रतिभा होती, पण मित्रमेळा त्यांच्या खोलीपर्यंत आला नसता, तर ते कदाचित लावण्यांचे एक अज्ञात रचनाकार म्हणूनच राहिले असते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली पहिला व्यापक कायदा झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि शासकीय नोकरीतील आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेले. सार्वजनिक इमारती सर्वांना जाता येतील अशा असाव्यात, हेही त्यात बंधनकारक आहे. तरीही आपल्या गावातील सभागृहाच्या पायऱ्या मोजून पाहाव्यात, व्यासपीठावर चढण्यास उतरण आहे काय हे पाहावे आणि गायनवृंदाचा सराव वरच्या मजल्यावर तर होत नाही ना, याचा विचार करावा.

वाचकहो, कायदा दार रुंद करू शकतो. गाणे ऐकावयास त्या दारातून आत जाण्याचे काम आपले आहे. आपल्याच गल्लीत, आपल्याच वाडीवस्तीत एखादा आबा दरेकर बसलेला असेल. पुढची बैठक त्याच्या घरी घ्यावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.