बातमी कुणाच्या उपयोगाची?

‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ १९७६ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती आणि वर्तमानपत्रांचा मजकूर सेन्सॉरच्या टेबलावरून जात होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन हे दोन तरुण बातमीदार वॉटरगेट इमारतीतल्या एका घरफोडीचा धागा धरून थेट राष्ट्राध्यक्षांच्या माणसांपर्यंत पोहोचतात, ही त्याची गोष्ट. त्याचा शेवट आजही पत्रकारितेच्या वर्गात दाखवला जातो. न्यूजरूममधल्या टीव्हीवर निक्सन दुसऱ्यांदा शपथ घेताना दिसतात, मागे हे दोघे मान खाली घालून टाइप करत बसलेले. मग टेलिप्रिंटर खडखडू लागतो. अमुक दोषी, तमुकला शिक्षा आणि सरतेशेवटी निक्सन यांचा राजीनामा. बातमी छापून आली आणि सत्ता पडली.

आपल्याकडच्या पत्रकारांच्या सिनेमात हा टेलिप्रिंटर कधी वाजलाच नाही. १९७९ ते १९८६ या सात वर्षांत मराठी-हिंदीत राजकारण, पैसा आणि पत्रकार या त्रिकोणावर जे मोजकं पण मोलाचं काम झालं, त्यातला प्रत्येक पत्रकार हरतो. आज ते सिनेमे एकामागून एक पाहिले की लक्षात येतं, की हे सगळे एकाच कारणाने हरत नाहीत. हरण्याचं कारण दरवेळी बदलत जातं, आणि त्या बदलातच त्या काळाचा इतिहास आहे.

सुरुवात अर्थातच ‘सिंहासन’पासून. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. साधू स्वतः मुरलेले बातमीदार. मंत्रालयाचे जिने आणि मंत्र्यांच्या बंगल्यांचे दिवाणखाने त्यांनी रोजच्या कामात पाहिलेले. १९७९ मध्ये हा कृष्णधवल सिनेमा आला तेव्हा राज्यात पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार होतं. वसंतदादा पाटलांचं सरकार पडून फार काळ लोटला नव्हता. पक्षांतर्गत डावपेचांनी मुख्यमंत्र्याची खुर्ची कशी हलते, हे प्रेक्षकाला पडद्याआधीच पेपरात वाचायला मिळालं होतं.

जिवाजीराव शिंदे मुख्यमंत्री, विश्वासराव दाभाडे अर्थमंत्री आणि त्यांच्यातल्या शह-काटशहाचा साक्षीदार दिगू टिपणीस. अरुण सरनाईक आणि श्रीराम लागू यांच्यासमोर या दिगूच्या भूमिकेत निळू फुले होते, ही पटेलांची सर्वांत धूर्त निवड. त्याच दिग्दर्शक-लेखक जोडीच्या ‘सामना’मध्ये चारच वर्षांपूर्वी फुल्यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील साकारला होता. बेरकी सरपंच आणि पाटील म्हणून महाराष्ट्राने ज्याला ओळखलं, तोच चेहरा आता खांद्याला पिशवी अडकवलेल्या वार्ताहराचा झाला. सत्ता आतून कशी चालते ते या माणसाला माहीत आहे, हे प्रेक्षकाला पटवून द्यावं लागलं नाही.

दिगू सिनेमाभर करतो तरी काय? तो ऐकतो. मंत्र्याकडे बसतो, विरोधकाकडे बसतो, कामगार पुढाऱ्याचा अंदाज घेतो. सगळे त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात आणि बोलता बोलता समोरच्या गोटात काय शिजतंय ते त्याच्याचकडून काढून घेतात. आतल्या बातमीची त्याला कधीच टंचाई नाही. वुडवर्ड-बर्नस्टीनना पार्किंगच्या तळघरात अंधारात उभं राहून जे मिळवावं लागतं, ते दिगूच्या कानावर चहाबरोबर येतं. पण त्याचं पुढे काय करायचं? छापून काही हलणार नाही, कारण ज्यांच्याविषयी छापायचं त्यांना त्याची लाज उरलेली नाही, आणि ज्यांनी वाचायचं त्यांना ते साधारण ठाऊकच आहे. शेवटी सत्तेची मांडणी पुन्हा जुळते, माणसं सोयीसोयीने इकडची तिकडे होतात आणि दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. मराठी सिनेमातला हा सर्वांत अस्वस्थ करणारा शेवट. २०१९ पासून महाराष्ट्रात पहाटेचे शपथविधी आणि पक्षफुटी सुरू झाल्या, तेव्हा लोकांना पुन्हा पुन्हा दिगूच आठवला, यात नवल नाही.

‘सिंहासन’नंतर दोनच वर्षांनी खऱ्या मुंबईत मात्र वेगळं घडलं. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टांवरचा लेख आला. त्यामागचा व्यवहार समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होतं. सरकारी दराचं सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि काळ्या बाजारात त्याला कितीतरी जास्त भाव होता. बिल्डरला कोट्यापलीकडे सिमेंट हवं असायचं आणि ते मंजूर करण्याचा अधिकार सरकारकडे होता. अंतुल्यांच्या प्रभावाखालच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टांना देणग्या येत होत्या आणि देणगीदारांना सिमेंट मिळत होतं. चेक एका टेबलावर, परवाना दुसऱ्या. शौरींनी ही दोन टेबलं एकमेकांना जोडून दाखवली.

प्रकरण विधिमंडळात गाजलं, संसदेत गाजलं. जनता पक्षाचे प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. भाजपचे रामदास नायक यांनी दाखल केलेला फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन वर्षानुवर्षं चालला. अंतुले मात्र राजकारणातून संपले नाहीत. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.

म्हणजे आपल्याकडेही बातमीने मुख्यमंत्री गेला. मग त्यानंतरच्या सिनेमांतला पत्रकार जिंकायला हवा होता. तसं झालं नाही, आणि मला वाटतं सिनेमावाल्यांनी तो राजीनामा पत्रकारांपेक्षा जास्त बारकाईने वाचला होता. बातमीच्या मागे याचिका उभी राहिली, याचिकेच्या मागे विरोधी पक्ष उभा राहिला आणि अंतुल्यांच्या स्वतःच्या पक्षातही त्यांच्या जाण्याने सुखावणारे कमी नव्हते. या साखळीतली एक जरी कडी निखळली असती, तरी तो लेख उत्तम लेख म्हणून फायलीत राहिला असता.

त्याच १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’च्याच अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून २३०० रुपयांना एक स्त्री विकत घेतली. बायकांचा बाजार उघडपणे भरतो आणि पोलीस-पुढारी तिकडे काणाडोळा करतात, हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं. बातमी देशभर गाजली. तेंडुलकरांनी मात्र तिच्यातून वेगळाच प्रश्न उचलला आणि ‘कमला’ हे नाटक लिहिलं. १९८४ मध्ये जगमोहन मुंदडांनी त्यावर हिंदी सिनेमा केला, शबाना आझमी आणि दीप्ती नवल यांना घेऊन. नाटकातला जयसिंग जाधव हा दिल्लीतला नावाजलेला पत्रकार. विकत घेतलेल्या कमलाला घरी आणून तो तिला पत्रकार परिषदेत उभी करतो, लोक तिला वाटेल ते प्रश्न विचारतात, हसतात, आणि घरी परतल्यावर जयसिंग यशाच्या धुंदीत असतो. पण घरात कमलाने जयसिंगच्या बायकोला, सरिताला, साध्या कुतूहलाने विचारलेलं असतं, की तुला यांनी केवढ्याला घेतलं. या एका प्रश्नाने शोधपत्रकारितेचं सगळं शौर्य उघडं पडतं. पुढे वरून दाब येतो, पेपरचा मालक जयसिंगला नोकरीवरून काढतो, आणि मग कळतं की विकत घेतलेली माणसं त्या घरात दोन नव्हती, तीन होती. दिगूकडे लिहिण्याची उमेद नव्हती. जयसिंगकडे ती भरपूर होती, पण बातमीपेक्षा बायलाइन मोठी झाली होती.

१९८३ चा कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ आज लोकांना त्यातल्या महाभारताच्या गोंधळासाठी आठवतो. पण मुळात तो पत्रकार आणि बिल्डर यांचाच सिनेमा आहे. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी यांचे दोन भोळे फोटोग्राफर ‘खबरदार’ नियतकालिकाच्या संपादिकेसाठी काम करतात. शोभा सेन ही संपादिका साकारली भक्ती बर्वे यांनी. मराठी रंगभूमीवरची ‘फुलराणी’ इथे थंड डोक्याने व्यवहार करते. फोटो मोठा करत करत जावा आणि कोपऱ्यातल्या दाण्यादाण्यांतून हातात पिस्तूल धरलेला बिल्डर तरनेजा उगवावा, तो प्रसंग पुन्हा पाहावा. प्रेक्षकाला वाटतं, आता पुरावा हाती आला, आता संपलं. शोभाला त्याच क्षणी त्या पुराव्याची किंमत दिसते. तिला तो छापायचा नाही, वटवायचा आहे. अंतुले प्रकरण ताजं असताना मुंबईत बिल्डर, पालिका आयुक्त आणि कोसळणारा पूल यांवर सिनेमा निघावा हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शेवटी आयुक्त, बिल्डर आणि संपादिका एकाच तडजोडीत सामील होतात, पुलाचा दोष दोन फोटोग्राफरांच्या माथी येतो आणि कैद्यांच्या कपड्यांतले ते दोघे कॅमेऱ्याकडे बघत गळ्यावरून हात फिरवतात. गळा त्यांचा, की आपला, ते आपण ठरवायचं.

या साखळीतला सर्वांत प्रौढ सिनेमा १९८६ चा ‘न्यू दिल्ली टाइम्स’. रमेश शर्मा यांचं दिग्दर्शन, गुलजार यांची पटकथा आणि सत्यजित राय यांच्या सिनेमांचे छायालेखक सुब्रत मित्र कॅमेऱ्यामागे. शशी कपूर यांना त्यातल्या विकास पांडे या संपादकासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, शर्मांना पदार्पणाचा आणि मित्रांना छायालेखनाचा. विकासमध्ये आधीच्यांचा एकही दोष नाही. तो हताश नाही, नावासाठी हपापलेला नाही, विकाऊ तर नाहीच. आमदाराचा खून, दंगल, दारूचा धंदा यांचे धागे जुळवत तो अजय सिंग या पुढाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि बातमी छापतो. ती खरी असते. मग त्याच्या लक्षात येतं, की हे धागे त्याच्या हाती लागावेत अशी सोय कुणीतरी केली होती. अजय सिंगचा प्रतिस्पर्धी त्याच्याकडून आपलं काम करून घेत होता. ओम पुरी यांचा अजय सिंग निर्दोष नसतोच, पण विकासने केलेला प्रहार दुसऱ्याच्या हातातला असतो. हा सिनेमा दूरदर्शनवर दाखवायचं ठरलं आणि ऐनवेळी रद्द झालं. त्याला मिळालेली ही दाद राष्ट्रीय पुरस्कारांपेक्षा कमी नव्हती.

पुढच्याच वर्षी स्वीडिश रेडिओने बोफोर्सची बातमी फोडली, चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी ‘द हिंदू’तून तिची कागदपत्रं बाहेर काढली आणि १९८९ च्या निवडणुकीत राजीव गांधींचं सरकार गेलं. २००१ मध्ये ‘तहलका’च्या छुप्या कॅमेऱ्यापुढे भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण नोटा घेताना दिसले. वास्तवातली पत्रकारिता अशी अधूनमधून जिंकत राहिली. सिनेमातला पत्रकार मात्र पुढे एकतर ‘नायक’सारखा एका दिवसाचा मुख्यमंत्री झाला किंवा ‘पीपली लाइव्ह’सारखा माइक घेऊन धावणाऱ्या गर्दीतला एक चेहरा. विकास पांडेच्या अडचणीकडे पुन्हा तितक्या गांभीर्याने फारसं कुणी वळलं नाही.

ती अडचण तर आज रोजची आहे. तपास यंत्रणांच्या हवाल्याने येणाऱ्या बातम्या, ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ सुरू होणारी वाक्यं, निवडणुकीच्या तोंडावर बाहेर येणारी जुनी फाइल, एका गटातून दुसऱ्या गटात गेल्यावर थंडावणारी चौकशी. यातली बरीचशी माहिती खरी असते, म्हणून तर ती उपयोगी पडते. खोटी बातमी पकडण्याची साधनं आता बरीच आहेत. खऱ्या बातमीचा मालक शोधण्याचं साधन अजून एकच आहे, आणि या सिनेमांनी ते सात वर्षांत आपल्या हाती दिलं होतं. ही माहिती दिली कुणी, आजच का दिली आणि ती छापून आल्यावर कुणाची खुर्ची घट्ट होणार? अमेरिकन सिनेमा पाहून पत्रकार व्हावंसं वाटतं. आपले हे चार पाहून चांगला वाचक होता येतं, आणि सध्या तुटवडा त्याचाच जास्त आहे.