हाडांसाठी खनिजे : किती पुरे, किती जास्त?



गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात घसरून माझे मनगट मोडले. तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियम आणि 'डी' जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी जन्मभर नर्सचे काम केलेली बाई, पण भीती वाटली की शहाणपण पळते. एका गोळीऐवजी मी दोन घेऊ लागले. त्यात मुलीने अमेरिकेहून स्ट्रॉन्शियमची बाटली पाठवली, तीही सुरू केली. पुढच्या भेटीला बाईंनी घरातल्या सगळ्या बाटल्या मागवल्या. टेबलावर पाच बाटल्या उभ्या राहिल्या आणि मला लाज वाटली. त्या दिवशी जे कळले ते तुम्हाला सांगते.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुने हाड सतत झिजते आणि नवे बांधले जाते. बांधणारे गवंडी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून तयार होतात. त्याच मूळपेशींपासून चरबीच्या पेशीही होतात आणि वय वाढते तसा त्यांचा कल चरबीकडे जातो.

प्रयोगशाळेत अशा पेशी वाढवून पाहिल्या आहेत. भोवतीचे कॅल्शियम माफक वाढवले तर हाड बांधण्याचे काम जोर धरते. फार वाढवले तर पेशीच मरू लागतात. स्ट्रॉन्शियमही बेताचे असेल तर पेशींना हाडाकडे वळवते, पण फार झाले तर हाडात चुना नीट बसत नाही. आमटीत मीठ घालताना आपण जे जाणतो, तेच इथेही.

माणसांवरही हा धडा गिरवला गेला आहे. फ्लोराइड हाड बांधणाऱ्या पेशींना चेतवते, म्हणून अमेरिकेत 202 वयस्क स्त्रियांची चार वर्षे पाहणी झाली. त्यांतल्या काहींना रोज 75 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले. 1990 साली निकाल आला. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता 35 टक्क्यांनी वाढली होती, पण मणके मोडण्याचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. उलट इतर हाडे जास्त मोडली. हाड भरले, पण मजबूत झाले नाही.

माझ्या बाटलीतही असाच चकवा होता. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमपेक्षा जड. ते हाडात बसले की घनतेच्या तपासणीत आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. मी आकडा पाहून खूश झाले असते आणि खरे औषध लांबणीवर टाकले असते! युरोपात डॉक्टर देत असत त्या स्ट्रॉन्शियमच्या औषधावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे पुढे कडक बंधने आली, हेही तेव्हाच कळले.

कॅल्शियमचे म्हणाल, तर पन्नाशीनंतर स्त्रियांना दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम पुरते, तेही अन्न आणि गोळ्या मिळून. शरीर एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंतच ते चांगले शोषते. जास्तीचे हाडात जाऊन बसत नाही. बद्धकोष्ठ होते, मूतखडाही होऊ शकतो. एक पेला दुधात सुमारे 300 मिलिग्रॅम असते. आमची आई कोकणात नाचणीची भाकरी थापायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. इथे अख्ख्या तिळाची तेहिना आहेच.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

आता माझ्या टेबलावर दोनच बाटल्या आहेत आणि हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेले औषध सुरू आहे. रोज संध्याकाळी शेजारणीबरोबर अर्धा तास चालते. न्हाणीघरात धरायला दांडाही बसवून घेतला आहे.

तुमच्याही कपाटातल्या सगळ्या बाटल्या एकदा पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. लाजू नका, मी लाजले, पण वाचले.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.