जुन्या अमेरिकन मोटारीची चावी : कानसीच्या हुन्नराला अजून मागणी आहे

देऊळघाटासारख्या गावात चावी बनविणाऱ्याकडे कपाटाचे, मोटारसायकलचे, फार तर ट्रॅक्टरचे काम येते. जुनी अमेरिकन मोटार घेऊन रोज कोण येणार? तरीही हे काम आपले नव्हेच असे आमच्या कारागीर बांधवांनी समजू नये.

या मोटारी आपल्या राज्याला परक्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तो १९५४ मध्ये बंद झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडायला सुरुवात केली. शौकीन मंडळींनी त्यातल्या काही जपल्या आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली आणि नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठेवली. एवढा पैसा घालणारा मालक कुलूप फोडून नवे बसवू देत नाही. त्याला मूळ कुलूपच चालते करून हवे असते.

चाव्या हरवतात त्याचेही एक कारण आहे. पन्नाशीच्या दशकातील कित्येक शेवरलेट गाड्यांत इग्निशन ‘लॉक’वर न नेता नुसते ‘ऑफ’वर ठेवले तर चावी काढून घेतल्यावरही गाडी चालू करता येत असे. मग चावीची आठवण कोणाला? गाडी विकली गेली, नवा मालक आला आणि एके दिवशी कोणीतरी खटका ‘लॉक’पर्यंत फिरवला की सगळे अडते.

अशा वेळी इग्निशनवर ड्रिल चालविणे हा सर्वांत वाईट उपाय. आधी मालकाला विचारावे, कोणती चावी गेली? या गाड्यांना बहुधा दोन चाव्या असत. एक इग्निशन आणि दारांची, दुसरी डिकी आणि समोरच्या कप्प्याची. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत पहिलीचे डोके अष्टकोनी आणि दुसरीचे गोल असे. म्हणजे इग्निशनची चावी गेली तरी तिचे माप दाराच्या कुलपात शिल्लक असते, अर्थात मधल्या काळात कोणी कुलूप बदलले नसेल तर. इग्निशनची नळी चावीशिवाय सहजी निघत नाही. दाराची मात्र बहुधा काढता येते. ती हातात आली की आधी तिच्यावर क्रमांक ठोकलेला आहे का ते भिंगाने पाहावे. क्रमांक मिळाला तर जुन्या कोड-पुस्तकातून खाचांची मापे निघतात आणि अर्धे काम झाले.

क्रमांक नसेल तर कानस घ्यावी. साध्या पट्टीच्या कुलपात कोरी चावी घातली की आतल्या पितळी पट्ट्या नळीबाहेर डोकावतात. जी पट्टी वर आली तिच्याखाली थोडे घासायचे, पुन्हा घालून पाहायचे; पट्टी नळीशी सपाट झाली की थांबायचे. एक हात जास्त पडला तर पट्टी उलट्या बाजूने बाहेर येते आणि कोरी चावी फुकट जाते. जनरल मोटर्सच्या कुलपात १९३५ पासून बाजूला एक आडवी दांडी आली. तिथे पट्ट्यांच्या बाजूच्या खाचा एका रेषेत आल्या तरच दांडी आत बसते, म्हणून नजर पट्टीच्या टोकावर नव्हे, त्या खाचांवर ठेवावी लागते. हे यंत्राचे काम नाही. ज्याने उस्तादाच्या हाताखाली कपाटांच्या चाव्या घासल्या, त्याला हे उमगते.

कोरी चावी मिळविणे ही खरी अडचण. दिसायला सारखी चावी कुलपात शिरत नाही, कारण अंगावरची नाळी वेगळी असते. जनरल मोटर्सच्या १९६६ पर्यंतच्या पुष्कळ गाड्यांना ‘बी-१०’ हा साचा लागतो. तो मुंबईच्या मोठ्या दुकानदाराकडे किंवा परदेशातून मागवावा लागतो. मागवायच्याच असतील तर दोन-तीन जास्त मागवाव्यात. पहिल्यांदा हात चुकणारच!

आता पैशाचे. आमचे कारागीर पितळेच्या तुकड्याची किंमत सांगतात आणि दिवसभराचे कसब फुकट देऊन बसतात. असे करू नये. कुलूप काढणे, माप घेणे आणि चावी घासणे यांची मजुरी आधीच वेगवेगळी ठरवावी व कागदावर लिहून द्यावी. मोठ्या गाडीचा मालक घासाघीस करील, पण कुलूप शाबूत राहिले तर दुसऱ्यालाही पाठवील.

आणि नोंदवही. चावी गमावलेला माणूस मालकच असेल असे नाही. आरसी बुक पाहिल्याशिवाय, त्यावरील चेसिस क्रमांक गाडीशी जुळविल्याशिवाय आणि ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय कानस उचलू नये, मग माणूस ओळखीच्या माणसाबरोबर आलेला का असेना. उद्या गाडी चोरीची निघाली तर पोलीस आधी चावीवाल्याकडेच येतात. त्या वेळी आपल्या हाती तारीख, गाडीचा नंबर आणि गिऱ्हाइकाची सही असली पाहिजे. त्याच पानावर खाचांची मापे मात्र लिहून ठेवू नयेत. ती मालकाला बंद पाकिटात द्यावीत, जोडीला दुसरी चावी घासून.