विश्लेषण : ‘समुद्रापासून ५०० मीटर’ म्हणजे किती पायऱ्या? अल्बुफेरातील मुक्कामाचे गणित

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला असलेला आल्गार्व हा किनारी प्रांत आता भारतीय पर्यटकांच्याही यादीत आला आहे. लिस्बन आणि पोर्तो पाहून झाल्यावर ‘चार दिवस समुद्रावर’ म्हणून लोक इकडे वळतात. लंडनहून फारोला थेट विमाने असल्याने ब्रिटनमधील मराठी कुटुंबेही उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे येतात. या प्रांतातील सर्वाधिक गजबजलेले सुट्टीचे गाव म्हणजे अल्बुफेरा. मोबाइलवर हॉटेल शोधू लागले की हजारो पर्याय समोर येतात आणि बहुतेकांवर एकच शिक्का असतो : ‘समुद्राजवळ, अल्बुफेरा’. घोळ नेमका येथूनच सुरू होतो.

अल्बुफेरा हे एक गाव की अनेक?

कायमची वस्ती पाहिली तर संपूर्ण पालिका हद्दीत २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४४ हजार लोक राहतात. पण ही हद्द किनाऱ्याला लागून लांबवर पसरलेली आहे. मूळचे मच्छीमारांचे गाव, त्याच्या पूर्वेला दोनेक किलोमीटरवर पर्यटनासाठी उभी राहिलेली नवी वस्ती, पश्चिमेला मरिना, आणि दोन्ही बाजूंना कड्यांखाली दडलेल्या पुळणी, या सगळ्यांच्या पत्त्यावर ‘अल्बुफेरा’च लिहिलेले असते. त्यामुळे ‘मध्यवर्ती ठिकाण’ असे जाहिरातीत वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कशाच्या मध्यवर्ती?

जुन्या गावात राहण्याचा फायदा काय?

पांढऱ्या भिंतींची घरे, दगडी चिऱ्यांच्या अरुंद गल्ल्या आणि मधोमध मोठा चौक असे हे जुने गाव आहे. पुळण अगदी पायाशी. चौकातून निघालेली एक गल्ली कड्यातल्या बोगद्यातून थेट वाळूवर उतरते. पूर्वी जेथे होड्या ओढून ठेवल्या जात त्या पुळणीला आजही ‘मच्छीमारांची पुळण’ असेच म्हणतात. होड्या मात्र मरिनाजवळच्या बंदरात गेल्या. गाडी न घेता तीन-चार दिवस काढायचे असतील तर याहून सोयीची जागा नाही. जेवण, दुकाने, औषधालय, समुद्र सगळे पायी.

मात्र जुने गाव बशीसारखे आहे. चौक तळाशी आणि घरे-हॉटेले भोवतीच्या चढांवर. नकाशावर पाचशे मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात शंभरेक पायऱ्यांचे असू शकते, आणि भर ऑगस्टच्या दुपारी ते कोणीही विसरत नाही. मच्छीमारांच्या पुळणीच्या पूर्व टोकाला सरकते जिने आहेत, तर शेजारच्या पेनेकू पुळणीवर लिफ्ट आहे. ज्यांच्यासोबत गुडघ्यांची तक्रार असलेले आई-वडील किंवा बाबागाडी आहे, त्यांनी हॉटेलच्या स्विमिंग पूलपेक्षा या दोन सोयी किती जवळ आहेत ते आधी पाहावे.

दुसरी बाब आवाजाची. कांदिदू दूश रेइश या गल्लीत बारची रांग आहे. त्या गल्लीवर खिडकी असलेली खोली स्वस्तात मिळाली तर ती का स्वस्त आहे हे पहिल्याच रात्री कळते. आणि बशीचा तळ पाण्यालाही सोडत नाही. १ नोव्हेंबर २०१५ रोजी अतिवृष्टीत डोंगरउतारावरचे पाणी खाली आले आणि चौकातील दुकाने, हॉटेलांचे तळमजले पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात याची काळजी नको. पण पावसाळी महिन्यांत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, तळमजल्याची खोली टाळलेली बरी.

‘द स्ट्रिप’ कोणासाठी?

सा कार्नेरू या रस्त्याला सगळे ‘स्ट्रिप’ म्हणून ओळखतात. माथ्यावर मोंतेशोरू, पायथ्याशी ओराची पुळण आणि मधल्या पट्ट्यात नाइटक्लब, स्पोर्ट्स बार, जलद खाद्यपदार्थांची दुकाने आणि बरीच भारतीय उपाहारगृहेही. लग्नाआधीच्या पार्ट्या करायला उत्तर युरोपातून येणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांचा हा अड्डा. पोर्तुगालच्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ हा शांततेचा काळ आहे, पण जून ते ऑगस्टमध्ये या रस्त्यावर त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

या गोंगाटाला पालिकाही कंटाळली. तिने २०२५ मध्ये सार्वजनिक वर्तनाची संहिता आणली. पुळण सोडून गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरल्यास ३०० ते १५०० युरोपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. समुद्रावरून हॉटेलपर्यंत वीस मिनिटे चालायचे असेल तर पिशवीत एक सदरा ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. 

मित्रांचा गट असेल, रात्री जागवायच्या असतील तर स्ट्रिप उत्तम. लहान मुले असतील तर येथील सवलतीच्या दरांना भुलू नये. गोंधळ असा की दोन्ही भाग एकाच नावाने विकले जातात. जुन्या गावातील शांत संध्याकाळीचे फोटो पाहून आलेले कुटुंब स्ट्रिपवर उतरते. पत्त्यात ‘मोंतेशोरू’, ‘ओरा’ किंवा ‘अरेयश द साँव जुआँव’ यांपैकी काही दिसले, तर ती जागा नव्या वस्तीत आहे असे समजावे.

समुद्रासाठीच जायचे असेल तर?

मग गावाबाहेर पडावे. पूर्वेला ओल्योश द आग्वा हे छोटे गाव आहे. नावाचा अर्थ ‘पाण्याचे डोळे’. ओहोटीला वाळूतून गोड्या पाण्याचे झरे बुडबुडताना दिसतात, त्यावरून ते पडले. तेथून पुढे लाल-गेरू कड्यांखाली फालेझियाची सुमारे सहा किलोमीटरची सलग पुळण विलामौरापर्यंत जाते. २०२४ मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या पर्यटक-पसंतीच्या यादीत ती जगात पहिली ठरली आणि भोवतालच्या हॉटेलांचे भाव वधारले. येथील बहुतेक हॉटेले कड्याच्या माथ्यावर असल्याने ‘पुळणीला लागून’ याचा अर्थ ‘पुळणीच्या डोक्यावर’ असा घ्यावा. खाली जायला लाकडी जिने असतात.

पश्चिमेला साँव राफाएल, कोएल्या या खडकांनी वेढलेल्या छोट्या पुळणी. फोटो येथेच काढावेत. पण भरतीला वाळू आक्रसते आणि दहा वाजल्यानंतर गाडी लावायला जागा उरत नाही. लहान मुलांना घेऊन वाळूत बसायचे तर त्याहून पुढचे गाले बरे, जमीन सपाट आणि पुळण रुंद.

कड्यांबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यायची. २१ ऑगस्ट २००९ रोजी मारिया लुईझा या पुळणीवर कड्याचा भाग कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. हे कडे ठिसूळ खडकाचे आहेत आणि त्यांच्या उंचीच्या दीडपट अंतर हा धोक्याचा पट्टा मानला जातो. फलक असतात, तरीही दुपारची सावली शोधत लोक नेमके कड्याखालीच चादर अंथरतात. हॉटेलची स्वतःची छत्री-खुर्ची उघड्या वाळूवर मिळते का, ही चौकशी या दृष्टीने चैनीची नाही.

पोहोचायचे कसे? गाडी हवीच का?

फारो विमानतळ सुमारे ४० किलोमीटरवर आहे. लिस्बनहून रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ‘अल्बुफेरा’ स्थानक गावात नाही. ते सहाएक किलोमीटर आत, फेरेइराश येथे आहे. रात्री उशिरा उतरल्यास टॅक्सीशिवाय मार्ग नाही. जुने गाव किंवा स्ट्रिप निवडल्यास गाडीची गरज पडत नाही; उलट ती लावायची कुठे हीच डोकेदुखी होते. गाले, फालेझियाकडे राहायचे तर गाडी हवी. आल्गार्वमधून जाणाऱ्या ए-२२ महामार्गावरील टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे, तेवढा खर्च वाचतो.

आरक्षण करताना काय तपासावे?

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा येथे चालत नाही. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे व्हिसा हाती येण्याआधीच हॉटेल ठरवावे लागते. शुल्क ९० युरो, आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. हॉटेलचे पैसेही त्यासोबत बुडू नयेत यासाठी पाच-दहा टक्के महाग पडले तरी विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे.

खासगी फ्लॅट घेताना नोंदणी क्रमांक पाहावा. पोर्तुगालमध्ये अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना ‘आलोजामेंतू लोकाल’ म्हणून नोंद करावी लागते आणि जाहिरातीत आकड्यांपुढे ‘एएल’ असलेला तो क्रमांक देणे बंधनकारक आहे. क्रमांक नसेल तर पुढे तक्रार करायला जागा राहत नाही. काही संकेतस्थळांवर पैसे भरेपर्यंत अचूक पत्ता दिसत नाही. अशा वेळी यजमानाला ‘पुळणीपर्यंत पायऱ्या किती’ हा सरळ प्रश्न संदेशातून विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात १३ वर्षांवरील प्रत्येकाला दर रात्री २ युरो पालिका कर, कमाल सात रात्रींसाठी, वेगळा द्यावा लागतो. तो पुष्कळदा किमतीत धरलेला नसतो.

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट शाकाहारी कुटुंबांना सोयीचा पडतो. बाजारात भाषेची फार अडचण येत नाही, आणि ‘पाव’, ‘बटाटा’, ‘अननस’, ‘चावी’ हे शब्द तर मराठीत तिकडूनच आले आहेत.

हिवाळ्यात जावे का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भाव निम्म्याहूनही खाली येतात. ऊन असते, गर्दी नसते. पण स्ट्रिपवरची बरीच दुकाने बंद असतात आणि गावाबाहेरील काही हॉटेलेही. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या येथील फ्लॅटमध्ये भिंती गार आणि हवा दमट राहते. खोलीत हीटर आहे का, आणि त्याच्या विजेचे पैसे भाड्यातच आहेत की वेगळे, हे डिसेंबरच्या आरक्षणाआधी विचारून घ्यावे.