सुई बारीक, तेल दाट

शरीरातले टेस्टोस्टेरॉन कमी पडले की जी इंजेक्शने देतात, त्यांत औषध थोडे आणि तेल फार. ‘सस्टॅनॉन’मध्ये ते तेल शेंगदाण्याचे असते. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट या लांब पल्ल्याच्या प्रकारात चक्क एरंडेल, आणि तेही एका वेळी 4 मिलिलिटर. सोबत बेंझिल बेंझोएट, जे खरजेच्या औषधातही असते. एवढा ऐवज कुल्ल्याच्या स्नायूत उतरल्यावर दोन-तीन दिवस मांडी घालून बसणे जड गेले, तर नवल नाही.

तेल कशाला? नुसते टेस्टोस्टेरॉन टोचले तर यकृत बघता बघता त्याचा निकाल लावते. म्हणून त्याला आम्लाची शेपटी जोडतात. असे हे एस्टर तेलात विरघळते आणि स्नायूतल्या साठ्यातून थोडेथोडे रक्तात झिरपते. शेपटी लांब तितका मुक्काम मोठा. एनान्थेट दोन-तीन आठवडे पुरते, अनडेकॅनोएट 10 ते 14 आठवडे.

ही खटपट जुनी आहे. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि जोम परतल्याचे जाहीर केले. त्या अर्कात हार्मोन नावापुरतेच होते. दुखणे मात्र अस्सल. खरे टेस्टोस्टेरॉन हाती आले 1935 साली. ते प्रयोगशाळेत तयार करणारे बुटेनांट आणि रुझिच्का 1939 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

आजच्या इंजेक्शनच्या दुखण्यातही दोष सुईचा कमी. दाट तेल स्नायूचे तंतू ताणते, भोवती सूज येते, आणि घाईने दाबले तर दोन्ही वाढते. हार्मोन कमी असलेल्या माणसाचे स्नायूही बरेचदा रोडावलेले असतात, त्यामुळे तेलाला जागा अपुरी पडते. शिवाय टेस्टोस्टेरॉन आणि वेदना यांचे काही नाते असावे अशी शंका आहे. अफूजन्य वेदनाशामकांमुळे हार्मोन घटलेल्या पुरुषांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 साली आले. टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्यांची दाबाने होणाऱ्या वेदनेबद्दलची हळवी प्रतिक्रिया कमी झाली होती. एका चाचणीवरून फार काही ठरत नाही, पण ‘मलाच जास्त दुखते’ म्हणणाऱ्याला लगेच नाजूक ठरवू नये, एवढे तरी ठरते.

आता टोचणाऱ्या हाताकडे वळू. झाशीचे खंडेराव गेट घ्या. जुन्या शहरकोटाचा हा एक दरवाजा, आता वस्तीचे नाव. मराठ्यांच्या सुभेदारीपासून या शहरात मराठी घरे आहेत, आणि मेडिकल कॉलेज आहे ते झाशीच्या राणीच्याच नावाचे, 1968 पासूनचे. पण अशा जुन्या वस्तीत, मग ती झाशीची असो की सोलापूरची, चिठ्ठी लिहितो मोठ्या इस्पितळातला डॉक्टर आणि टोचतो कोपऱ्यावरचा कंपाउंडर. त्याच्यापुढे गर्दी असते. पेशंटला आपण कसले इंजेक्शन घेतो हे चारचौघांत बोलायचे नसते. उत्तरेत रुळांकाठच्या भिंती ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिरातींनी रंगलेल्या असताना कोण म्हणेल, ‘काका, जरा हळू द्या’?

तेवढेच म्हणायचे असते, खरे तर. अँप्यूल मुठीत धरून कोमट करावी, तेल पातळ होते. औषध ओढायला जाड सुई, टोचायला दुसरी बारीक. स्पिरिट वाळू द्यावे, नाहीतर तेच चुरचुरते. पालथे किंवा कुशीवर आडवे व्हावे, पाय सैल सोडावा. कुल्ल्याच्या मधोमध टोचणे चूक, तिथून सायटिक नस जाते. वरचा-बाहेरचा चौथा भाग बरा, कंबरेच्या बाजूची जागा त्याहून सुरक्षित. दर वेळी बाजू बदलावी. अनडेकॅनोएटला सावकाश दोन मिनिटे द्यावीत आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, कारण तेलाचा कण फुफ्फुसात गेला तर एकदम खोकला आणि धाप लागते. 2014 साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली ती याच अर्ध्या तासाच्या अटीवर. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

दुखणे दिवसागणिक उतरत गेले पाहिजे. ते वाढले, जागा लाल-गरम झाली, ताप आला, तर गळू होत असेल. टोचतानाच पायात वीज गेल्यासारखे झाले, तर सुई नसेजवळ आहे. ती लगेच काढायला सांगा. इतके सांभाळूनही दर वेळी हाल होत असतील तर जेल आहे. पोटाच्या कातडीखाली दर आठवड्याला थोडे घेण्याची पद्धतही आहे, तिच्या तयार पेनला अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळाली.

आणि हे सगळे निदान पक्के असेल तरच. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासलेले टेस्टोस्टेरॉन कमी यायला हवे. साधारण 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरतात. थकवा आला म्हणून जिमच्या ओळखीतून घेतलेल्या इंजेक्शनचे दुखणे हा वेगळाच मूर्खपणा. मूल हवे असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती थांबवते, त्यांच्यासाठी इंजेक्शने निराळी असतात.