साखरेचा दाणा व रसाची शुद्धता

मळा एक, उसाची जात एक, गुळव्याही तोच. तरीही एका आधणाचा गूळ कणीदार व टणक उतरतो आणि दुसऱ्याची ढेप पावसाळ्यांत पाझरूं लागते. अशा वेळीं दोष बहुधा गुळव्याच्या माथीं मारला जातो. पण पुष्कळदां खरें कारण रसांतच असतें. तें समजण्यास दाणा कसा बनतो हें पाहिलें पाहिजे.

साखर हा सेंद्रिय पदार्थ आहे. २० अंश सेंटिग्रेडला १०० भाग पाण्यांत ती सुमारें २०० भाग विरघळते, तर १०० अंशांस सुमारें ४९० भाग. म्हणून दाट पाक निवूं लागला म्हणजे जास्तीची साखर स्फटिकरूपानें बाहेर पडते. स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या विटांची रचलेली भिंत होय. निराळ्या आकाराचा कण तींत सहसा बसत नाहीं. तो भोंवतालच्या द्रवांतच राहतो. याच गुणाचा उपयोग करून रसायनशास्त्रज्ञ पदार्थ पुनःपुन्हां विरघळवून व गोठवून शुद्ध करतात. खडीसाखरेचे खडे दोऱ्यावर सावकाश वाढूं देतात, तेंही याचसाठीं. घाईनें निवविलेल्या पाकांत दाणे बारीक पडून त्यांच्यामध्यें मळी अडकते.

आतां परके कण येतात कोठून? तोडलेला ऊस उन्हांत पडला कीं त्यांतील साखर फुटूं लागते. ९५ भाग साखर व ५ भाग पाणी मिळून १०० भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. वजन घटत नाहीं, गोडीही फारशी कमी भासत नाहीं. परंतु दाणा धरणारी साखर मात्र गेली! फ्रुक्टोज हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून ढेप पाझरते. कारखान्यांत मळी यंत्रानें वेगळी काढतां येते. गुळांत ती ढेपेंतच राहते.

शेतांत वापरावयाच्या रिफ्रॅक्टोमीटरवरही सर्वस्वीं विसंबूं नये. तें रसांत विरघळलेले एकंदर पदार्थ दाखवितें, निव्वळ साखर नव्हे. दोन रसांचा ब्रिक्स २० असून एकांत साखर १८ व दुसऱ्यांत १५ असेल, तर पहिल्याची शुद्धता शेंकडा ९० व दुसऱ्याची ७५ ठरते. कारखान्याचा उतारा व गुळाची प्रत या फरकावर अवलंबून असतात.

तेव्हां ऊस पक्व झाल्यावरच तोडावा व शक्य तों चोवीस तासांचे आंत गाळावा. शेंड्याकडील कोंवळीं कांडीं चरकांत घालूं नयेत. खारवट जमिनींतील उसाच्या रसांत क्षार अधिक येतात. तो निराळा गाळावा. रसाची आम्लता मोडण्यापुरताच चुना द्यावा. अधिक झाल्यास गूळ काळवंडतो. हायड्रोस घातल्यानें रंग उजळतो खरा, पण त्यानें रस शुद्ध होत नाहीं. गंधकाचा अंश मात्र गुळांत राहतो आणि पुढें रंगही उतरतो.

सारांश, दाणा काहिलींत दिसूं लागला, तरी त्याची बरीच तयारी तोडणीच्या दिवशींच झालेली असते. एक दिवसाची दिरंगाई वर्षभराच्या कष्टाचा भाव उतरविते, हें बागाइतदारांनीं ध्यानांत ठेवावें.